वय ५८, पाण्याची भीती आणि एक कोच

लेकीच्या घरी उतरून जेमतेम चार दिवस झाले होते. अमेरिकेतली वेळ अजून अंगवळणी पडली नव्हती, म्हणून पहाटे तीनलाच जाग आली. चहा करावा म्हणून उठले, तर बाथरूमच्या दारामागे एक ओला टॉवेल, पोहण्याचा काळा पोशाख आणि निळा गॉगल टांगलेला दिसला. आधी वाटलं, तिच्या मैत्रिणीचा असेल. सकाळी विचारलं तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘माझाच आहे आई. दोन वर्षं झाली मला पोहायला लागून.’’

दोन वर्षं! रोज रात्री व्हिडिओ कॉलवर भाजी काय केली इथपासून गाइडने काय सुनावलं इथपर्यंत सगळं सांगणारी ही मुलगी एवढी मोठी गोष्ट लपवून बसली होती. मी काही बोलले नाही, पण त्या दिवशी जेवण घशाखाली उतरलं नाही.

माझा राग समजायचा असेल, तर आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

घरात न बोललं जाणारं काही

आम्ही मूळचे खानदेशातले. वडिलांच्या नोकरीमुळे इंदूरला आलो आणि इथलेच झालो. पण मे महिना आला की आजोळी जायचं, हे ठरलेलं. आजोळी मळ्यात मोठी दगडी विहीर होती. मामेभाऊ काठावरून मुटका मारायचे, पाणी उसळायचं आणि आम्ही लहान मुली वरून टाळ्या पिटायचो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरांना पाण्यात सोडायचं, हीच तिथली पोहण्याची शाळा. दोन उन्हाळे डबा बांधला की पोरगा आपोआप पट्टीचा पोहणारा होतो, असं सगळे मानायचे.

माझा दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि मी आठ. त्याचा तो दुसराच उन्हाळा. त्या दुपारी घरात कुरडयांचा घाट घातलेला होता, बायका सगळ्या अंगणात आणि पुरुष मंडळी जेवून आडवी झालेली. दादा एकटाच मळ्यात गेला. डबा विहिरीच्या काठावर तसाच ठेवलेला सापडला.

पुढचं लिहीत नाही. इतकंच सांगते, त्यानंतर आई कधी आजोळी गेली नाही आणि आमच्या घरात पाणी हा विषयच बंद झाला. शाळेची सहल ओंकारेश्वरला निघाली की माझं नाव त्यात नसायचं. लग्नानंतर गोव्याला गेलो, तेव्हा हे समुद्रात आणि मी वाळूत चपला सांभाळत. माझी मुलगी सहा वर्षांची असताना शाळेने पोहण्याचा वर्ग काढला. मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं आणि ती रात्रभर रडली. तिला कारण सांगितलं नाही. आईने मला सांगितलं नव्हतं, मी तिला सांगितलं नाही. भीती मात्र न सांगताच पिढ्यान्‌पिढ्या हातात दिली जाते, दागिन्यांच्या डब्यासारखी.

म्हणूनच तो ओला टॉवेल पाहून माझ्या पोटात गोळा आला होता.

तलावावरची दोन नावं

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, ‘‘आई, रागव हवं तर. पण एकदा येऊन बघ. काठावर बस, पाण्याला हातही लावू नकोस.’’

ती शिकते ते गाव म्हणजे इंडियाना राज्यातलं ब्लूमिंग्टन. फिकट करड्या चुनखडीच्या दगडात बांधलेल्या इमारती, जुनी झाडं आणि जिकडेतिकडे सायकलवरची मुलं. विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात एक प्रचंड मोठा बंदिस्त तरणतलाव आहे. त्याच्या शेजारी वेगळा, खूप खोल तलाव आणि त्यावर सूर मारण्याचे उंच मनोरे. प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या बसल्या माझे हात खुर्चीला घट्ट धरले गेले.

तलावाला दोन माणसांची नावं दिलेली आहेत, काउन्सिलमन आणि बिलिंग्जली. मला वाटलं, देणगीदार असतील. आपल्याकडे सभागृहांना देणगीदारांची नावं असतात तशी. लेक हसली. ‘‘नाही गं, दोघं कोच होते इथले. एक पोहण्याचे, दुसरे डायव्हिंगचे. तीस-तीस वर्षं शिकवलं त्यांनी.’’

कॉलेजच्या कोचचं नाव एवढ्या मोठ्या वास्तूला? आमच्या कॉलेजातले पी.टी.चे सर आठवले. सगळे त्यांना नुसतं ‘पीटीसर’ म्हणायचे, खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. मला या दोघांविषयी कुतूहल वाटू लागलं. तिने ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणून दिलं, ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’, १९६८ साली प्रसिद्ध झालेलं. लेखक जेम्स काउन्सिलमन. ती दिवसभर प्रयोगशाळेत असायची आणि मी डाळ शिजत ठेवून ओट्याशी ते पुस्तक वाचत उभी असायची. इंग्रजी अडलं की रात्री तिला विचारायचं. ज्या गोष्टीचं नाव काढायची बंदी होती, तिच्याबद्दल आम्ही मायलेकी रोज रात्री बोलू लागलो.

काउन्सिलमन यांचा जन्म १९२०चा. मंदीच्या काळात सेंट लुईस शहरात वाढलेला हा मुलगा पोहायला शिकला तो मत्स्यपालनाच्या तळ्यात. हे वाचून मला आमची विहीर आठवली. पुढे ओहायोत कॉलेजसाठी तो पोहू लागला, पण मध्येच दुसरं महायुद्ध आलं आणि तो बी-२४ जातीच्या बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक झाला. शौर्यपदक मिळवून परतला, शिक्षण पूर्ण केलं, डॉक्टरेट घेतली. तेव्हापासून सगळे त्यांना ‘डॉक’ म्हणू लागले. १९५७ साली ते इंडियाना विद्यापीठात कोच म्हणून आले आणि १९९० साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तेहतीस वर्षं, एकच नोकरी आणि एकच तलाव.

पाण्याखाली डोकावणारा माणूस

त्यांच्या काळात कोच काठावर उभे राहून ओरडायचे, ‘हात लांब टाका, जोर लावा.’ डॉकना प्रश्न पडला की वरून दिसणारा हात पाण्याखाली नेमकं काय करतो? त्यांनी पाण्याखालून चित्रीकरण सुरू केलं. पोहणाऱ्यांच्या हातांना छोटे दिवे लावून अंधारात फोटो काढले आणि हाताचा मार्ग उजेडाच्या रेघेसारखा फिल्मवर उमटवला. तेव्हा समजलं की चांगले पोहणारे हात वल्ह्यासारखा सरळ मागे ओढत नाहीत, तो वळणं घेत जातो. गंमत म्हणजे त्या पोहणाऱ्यांना स्वतःलाच हे माहीत नव्हतं. आपण हात सरळ ओढतो, असंच त्यांना वाटत होतं.

या वळणांचं स्पष्टीकरण त्यांनी विमानाच्या पंखाला वर उचलणाऱ्या तत्त्वात शोधलं. वैमानिक असलेल्या माणसाला ते सुचणं साहजिकच म्हणायचं. पुढच्या संशोधकांनी त्यावर बराच वाद घातला, त्यातलं काही खोडूनही काढलं. पण पाण्याखाली पाहिल्याशिवाय शिकवायचं नाही, ही त्यांची सवय जगभरच्या कोचनी उचलली.

हे वाचून मी थबकले. आपल्याला वाटतं एक आणि हात करतो दुसरंच, हे फक्त पाण्यात थोडंच होतं? मला वाटत होतं, मी मुलीला सांभाळते आहे. बाहेरून कुणी पाहिलं असतं, तर दिसलं असतं की मी तिला धरून ठेवते आहे.

सरावासाठी मोठं सेकंदकाट्याचं घड्याळ तलावाच्या काठावर लावायची पद्धतही डॉकनी रुळवली. त्यामुळे प्रत्येक मुलगा आपली वेळ आपणच पाहू लागला, कोचच्या शिट्टीची वाट पाहणं संपलं. आणि हेच शास्त्रज्ञ कोच सरावात चांगलं पोहणाऱ्यांना बक्षीस काय द्यायचे, तर जेली बीन्स, म्हणजे रंगीत गोड गोळ्या! जागतिक विक्रम करणारी दांडगी मुलं त्या मूठभर गोळ्यांसाठी जीव तोडून पोहायची.

हरलेल्यांचा कोच

त्यांच्या यशाचे आकडे मोठे आहेत. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षं अमेरिकेतलं कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद इंडियानाकडे राहिलं. आपल्या विभागातलं अजिंक्यपद तर १९६१ ते १९८० अशी वीस वर्षं सलग. १९६४ आणि १९७६ या दोन्ही ऑलिम्पिकना ते अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य कोच होते. १९७६ साली माँट्रिअलला पुरुषांच्या १३ शर्यतींपैकी १२ सुवर्णपदकं त्यांच्या संघाने जिंकली. तिथेच त्यांचा विद्यार्थी जिम माँटगोमेरी १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ५० सेकंदांच्या आत येणारा जगातला पहिला पोहणारा ठरला. त्याची वेळ होती ४९.९९ सेकंद.

पण मला या पदकांपेक्षा जास्त भावल्या त्या हरण्याच्या आणि उशीर झाल्याच्या गोष्टी.

इंडियानाला येण्यापूर्वी डॉक कॉर्टलंड नावाच्या एका लहान कॉलेजात शिकवत. तिथे त्यांच्याकडे जॉर्ज ब्रीन आला. वय १७. पोहण्याच्या स्पर्धेत उतरायला हे वय म्हणजे फार उशीर, कारण बाकीची मुलं दहाव्या-बाराव्या वर्षापासून तयार झालेली असतात. डॉकनी त्याला परत पाठवलं नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याच ब्रीनने १५०० मीटरचा जागतिक विक्रम केला.

इंडियानात आल्यावर नवीनच संकट उभं राहिलं. विद्यापीठाच्या फुटबॉल विभागाने खेळाडू घेताना नियम मोडले आणि १९६० साली शिक्षा झाली ती सगळ्याच खेळांना. चार वर्षं राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा बंद. पोहणाऱ्या मुलांचा यात काय दोष? जगातले उत्तम पोहणारे हाताशी असताना त्यांना कॉलेजच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत उतरताच येईना. चिडून दुसरीकडे जाता आलं असतं. डॉक थांबले. मुलं इतर खुल्या स्पर्धांत पोहत राहिली. त्यांच्यातल्याच माइक ट्रॉयने १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं.

आणि मार्क स्पिट्झ. हे नाव आपल्याकडेही पुष्कळांनी ऐकलेलं असेल. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकला जाताना हा अठरा वर्षांचा मुलगा सहा सुवर्णपदकांची भाषा बोलत होता. मिळाली दोन, तीही रिलेची, म्हणजे चौघांची मिळून. ज्या २०० मीटर बटरफ्लायमध्ये जागतिक विक्रम त्याच्याच नावावर होता, तिच्या अंतिम फेरीत तो शेवटचा, आठवा आला. चेष्टा व्हायची तेवढी झाली. असा पोळलेला मुलगा १९६९च्या सुरुवातीला डॉककडे आला. साडेतीन वर्षांनी, १९७२ साली म्युनिकला त्याने सात शर्यतींत सात सुवर्णपदकं घेतली आणि सातही जागतिक विक्रमांसह.

शेजारच्या खोल तलावाचे गुरू होते हॉबी बिलिंग्जली. १९५९ ते १९८९ अशी तीस वर्षं त्यांनी सूर मारायला शिकवलं. त्यांचा भर भौतिकशास्त्रावर. फळी सोडली की शरीर कोणत्या वाटेने खाली येणार, हे त्या क्षणीच ठरलेलं असतं. हवेत कितीही हातपाय मारले तरी ती वाट बदलत नाही. अंग आवळून घेतलं की गिरकी वेगाने होते, लांब केलं की मंदावते. दहा मीटरच्या मनोऱ्यावरून पाण्यापर्यंत पोहोचायला दीड सेकंदही लागत नाही आणि वेग असतो ताशी सुमारे ५० किलोमीटर. म्हणून जे शिकायचं ते आधी जमिनीवर शिकायचं. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी सुवर्ण जिंकलं. त्यातली लेस्ली बुश तेव्हा सतरा वर्षांची होती. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला सर्व पंचांच्या वतीने शपथ घेण्याचा मान याच बिलिंग्जलींना मिळाला.

मनोऱ्याच्या टोकावर उभी असलेली एक मुलगी मी तिथे रोज पाहायची. दोन वेळा पुढे यायची, मागे जायची. खाली तिची कोच शांत उभी. ना ओरडणं, ना ‘घाबरू नकोस’ म्हणणं. आठवड्याभराने तिने सूर मारला. काठावर टाळी वाजली ती माझी होती.

कोच स्वतः पाण्यात उतरतो तेव्हा

एका रात्री लेकीने मला डॉकच्या आयुष्यातलं ते साल वाचून दाखवलं, १९७९. तोपर्यंत त्यांच्याकडे सगळं होतं. ऑलिम्पिकचं यश, पुस्तक, नाव. शरीर मात्र पोहणाऱ्या मुलांसारखं राहिलेलं नव्हतं. अशा वेळी त्यांनी ठरवलं, इंग्लिश खाडी पोहून जायची.

इंग्लंड आणि फ्रान्समधली ती खाडी सगळ्यात अरुंद ठिकाणीही सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. प्रवाहामुळे प्रत्यक्ष पोहावं लागतं त्याहून जास्त. पाणी गार, लाटा, वर जेलीफिश. अंगात साधा पोशाख, सोबतच्या बोटीला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या लोकांना ही खाडी ठाऊक आहे ती मिहिर सेन यांच्यामुळे, जे १९५८ साली ती पोहून गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५९ साली ती पार करणाऱ्या पहिल्या आशियाई स्त्री ठरलेल्या कोलकात्याच्या आरती साहा यांच्यामुळे. ते दोघं तरुण होते. डॉक ५८ वर्षांचे होते. १४ सप्टेंबर १९७९ला त्यांनी १३ तास ७ मिनिटांत खाडी पार केली. त्या वेळेपर्यंत एवढ्या वयाचा माणूस ती पोहून गेला नव्हता.

मी विचारलं, ‘‘किती म्हणालीस? किती वर्षांचे?’’

‘‘अठ्ठावन्न.’’

चार महिन्यांनी मला अठ्ठावन्नावं पूर्ण होणार होतं.

लेक माझ्याकडे पाहत राहिली. मग मी तिला दादाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, पूर्ण, डब्यासकट. ऐकून ती माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळाने म्हणाली, ‘‘म्हणजे मामाला पोहता येत होतं म्हणून तो गेला नाही, आई. अर्धवट येत होतं आणि शिकवणारं कुणी जवळ नव्हतं, म्हणून गेला.’’

पन्नास वर्षांत हे वाक्य माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

‘बच्चों को लेकर आई हैं?’

इंदूरला परतल्यावर हे धैर्य टिकेना. दोन आठवडे असेच गेले. शेवटी एक दिवस आमच्या भागातल्या तलावावर गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, ‘‘आंटी, बच्चों को लेकर आई हैं?’’ मी म्हणाले, ‘‘नहीं, मुझे सीखना है.’’ त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागे वळून कुणाला तरी म्हणाला, ‘‘अब ये भी सीखेंगी.’’ आतून हसण्याचा आवाज आला. मी फॉर्म न घेताच घरी आले.

दुसऱ्या एका तलावावर सकाळी दहाला लेडीज बॅच होती. शिकवणाऱ्या मॅडम वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी वय विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘काकू, पाण्याची भीती वाटते का?’’

‘‘फार.’’

‘‘बरं झालं सांगितलंत. मग आपण सावकाश जाऊ.’’

पहिले चार दिवस मी पायरीवर बसून फक्त पाय बुडवले. पाचव्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि दांडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. मग तोंड पाण्यात घालून नाकाने बुडबुडे काढायला शिकले. आमच्या बॅचमध्ये गुडघेदुखीसाठी आलेली एक सरदारीण, एक बँकेतली बाई आणि लग्न ठरलेली एक मुलगी होती. माझे बुडबुडे निघाले तेव्हा तिघींनी टाळ्या वाजवल्या.

तरंगणं मात्र जमेना. मॅडमनी पाठीखाली हात धरला की मी मान वर उचलायची आणि पाय दगडासारखे खाली जायचे. नाकातोंडात पाणी, गटांगळ्या. एके दिवशी मी रडकुंडीला आले. मॅडमनी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि काठावर बसवून दाखवला. ‘‘बघा काकू, तुम्हाला वाटतंय तुम्ही आडव्या आहात. पण मान वर घेतलीत की पाय बुडणारच. डोकं मागे सोडा, कान पाण्यात जाऊ द्या, छातीत हवा भरा. पाणी उचलेल तुम्हाला.’’

मला डॉकचे ते दिवे लावलेले हात आठवले. आपल्याला वाटतं एक, शरीर करतं दुसरंच. म्हणून पाहणारं कुणीतरी लागतं.

सव्विसाव्या दिवशी मी डोकं मागे सोडलं. कान पाण्यात गेले, सगळे आवाज बंद झाले, वरचं पत्र्याचं छप्पर आणि त्यातून येणारी उन्हाची तिरीप तेवढी दिसत राहिली. मॅडमचा हात पाठीखाली कधी नव्हता झाला, ते कळलंच नाही. किती वेळ तरंगले कोण जाणे, दहा सेकंद असतील. उठून उभी राहिले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तलावात असण्याचा हा एक फायदा, कुणाला कळत नाही.

आईला सांगायचं होतं

माझी आई ८३ वर्षांची आहे आणि आमच्याजवळच राहते. तिला मी सांगितलं होतं, योगाच्या वर्गाला जाते. लेकीने मला फसवलं म्हणून रुसले होते आणि आता मी तेच करत होते.

पण आईच ती. एका मंगळवारी मी तिला औषध द्यायला वाकले, तर तिने माझ्या केसांवर हात ठेवला. ‘‘ओले आहेत. आणि हा वास कसला?’’ क्लोरीनचा वास कितीही शॅम्पू लावला तरी राहतोच.

मी खाली बसले. सगळं सांगितलं. अमेरिकेतला तलाव, तो म्हातारा कोच, मॅडम, बुडबुडे. ती काही बोलेना. मला वाटलं, आता रागावेल किंवा रडेल. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, ‘‘ती बाई काठावर उभी असते का, तू पाण्यात असताना?’’

‘‘असते. सगळा वेळ. नजर नाही हलवत.’’

‘‘मग ठीक आहे,’’ ती म्हणाली. आणि भिंतीकडे पाहत हळूच म्हणाली, ‘‘त्या दिवशी काठावर कुणी असतं ना...’’

पन्नास वर्षांत दादाबद्दल आई माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मग ती बोलतच राहिली. त्याला वाटीतली साय चोरून खायची सवय होती, तो झोपेत बडबडायचा, त्याला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका मृत्यूने आम्ही त्याचं सगळं जगणंच बंद करून टाकलं होतं.

डॉक काउन्सिलमन यांना पुढे पार्किन्सन झाला. पाण्यातली शरीराची प्रत्येक हालचाल उलगडून दाखवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या हालचाली हातातून निसटत गेल्या. ४ जानेवारी २००४ रोजी ८३व्या वर्षी ते ब्लूमिंग्टनलाच गेले. त्यांचे विद्यार्थी डॉक्टर झाले, दंतवैद्य झाले, कोच झाले. पदकं मिळाली ती थोड्यांना. पण तेहतीस वर्षं रोज काठावर उभं राहून पाण्यातल्या मुलांवर नजर ठेवणं, हे मला आता पदकांपेक्षा मोठं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यात लहान मुलं पुष्कळ. मुलांना पाण्यापासून दूर ठेवणं हा उपाय मी पन्नास वर्षं केला. खरा उपाय आहे त्यांना नीट शिकवणं आणि ती शिकत असताना कुणीतरी जाणतं माणूस काठावर उभं राहणं. हे आधी कळलं असतं, तर शाळेच्या त्या फॉर्मवर मी ‘हो’ लिहिलं असतं.

मागच्या महिन्यात मी तलावाची रुंदी एका दमात पार केली. खाडी नाही, रुंदीच. लेकीला व्हिडिओ पाठवला. तिने लगेच फोन केला, ‘‘आई, पाय अजून वाकतायत तुझे!’’ आता तीही माझी कोच झाली आहे.

घरी आले तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी सांगितलं, पार केलं. तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवल्या. जेली बीन्सची गोष्ट तिला मीच सांगितली होती.